डावा कोपरा : पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या आपल्या मंडळींना खुले पत्र

तिसऱ्या रविवारी जमणाऱ्या सगळ्या मंडळींना,

स. न. वि. वि.

जुलैच्या बैठकीत स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचा तो फोटो पडद्यावर आला तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या होत्या. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना 'ही कोण मोठी शहाणी' असं कोणाला वाटायला नको.

फोटो होताच तसा. पांढराशुभ्र नर, शेपटीच्या दोन्ही फिती अख्ख्या, कुठे कापल्या गेल्या नव्हत्या. चोचीत चतुर. खाली कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेली घरट्याची इवलीशी वाटी आणि तिच्यातून वर आलेल्या तीन उघड्या चोची. मागची हिरवाई साय फिरवल्यासारखी मऊ. हॉलमध्ये आपण चाळीसएक जण होतो. मागून कोणीतरी 'आईशप्पथ' म्हणालं, पुढच्या रांगेतून 'क्या बात', आणि मग आपला ठरलेला प्रश्न आला, 'लेन्स कुठली?' लेन्स कळली, शटर कळलं, आयएसओ कळला, टाळ्या झाल्या, पुढचा फोटो.

माझी नजर मात्र डाव्या खालच्या कोपऱ्यात अडकली होती. मी सत्तावीस वर्षं पतसंस्थेत कॅशवर बसते. नोट हातात आली की मी आधी कडा बघते, गांधीजी नंतर. तीच खोड फोटो बघतानाही जात नाही. त्या कोपऱ्यात एका फांदीचं टोक होतं, बोटभर जाडीचं. पांढरं, ओलसर, तिरकं. फांदी वाऱ्याने मोडली तर साल सोलवटते, चिंध्या लोंबतात. हा सरळ कोयत्याचा घाव होता, आणि ताजा होता.

फांदी का तोडली असेल हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घरट्यासमोर पानं होती. पानांमुळे पक्षी नीट दिसत नव्हता, चेहऱ्यावर सावली पडत होती. पानं गेली, उजेड आला, पार्श्वभूमी साफ झाली. ती पानं घरट्यासमोर उगीच नव्हती हा भाग आपण सोडून देतो. नर्तकाची मादी नेमकी तिथे वाटी विणते ती दुपारच्या उन्हापासून आणि अंडी-पिल्लं पळवणाऱ्या टकाचोर पक्ष्यापासून वाचायला. टकाचोराला लोकांनी नाव ठेवलंय ते काय उगाच नाही. शिवाय कावळा आहे, शिक्रा आहे. आपल्याला दिसायला लागलं म्हणजे त्यांनाही दिसायला लागलं.

हे सगळं मला त्या आठ-दहा सेकंदांत सुचलं आणि मी गप्प बसले. मुलगा एकोणीस वर्षांचा, पहिल्यांदाच फोटो दाखवायला उभा राहिलेला, कान लाल झालेले. म्हटलं, कशाला त्याचा विरस करा. घरी येऊन भाकरी थापताना मात्र राहून राहून तेच. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं?

चार दिवसांनी त्याला फोन केला. हे पत्रही आधी त्याला वाचून दाखवलंय, आणि 'काकू, टाका, चालेल' असं तो म्हणाला म्हणूनच लिहितेय. तेव्हा कृपा करून पुढच्या वेळी त्याच्याकडे बघून कुजबुजू नका. त्याने फोनवर जे सांगितलं त्याने माझी झोप जास्त उडाली. म्हणाला, "फांदी मी नाही तोडली काकू. आम्ही गेलो तेव्हा तोडलेलीच होती. आमच्या आधी सहा जण येऊन गेले होते त्या दिवशी." मी विचारलं, "ते सहा जण काय म्हणाले असतील रे?" तो जरा थांबून म्हणाला, "हेच."

आणि पुढे सांगितलं की चार दिवसांनी तो परत गेला तेव्हा घरटं रिकामं होतं. पिल्लं उडाली की कोणी नेली, कळायला मार्ग नाही. पिसं खूपच कोवळी होती, एवढं तो म्हणाला.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून एक कायद्याची गोष्ट इथेच सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात नुसतं मारणं-पकडणं नाही. रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही तिच्यातच येतं. म्हणजे त्या दिवशी पडद्यावर कोणाची तरी शिकार होती आणि आपण लेन्स विचारत होतो. बऱ्याच स्पर्धांनी घरट्यावरचे फोटो घेणं केव्हाच बंद केलंय. पूर्वी लेन्स तोकड्या होत्या, पक्षी हमखास परत येणार अशी जागा म्हणजे घरटं, म्हणून जुने लोक घरट्याशेजारी आडोसा बांधून बसायचे. आता आपल्यातल्या निम्म्या लोकांकडे लांबूनच पक्षी जवळ आणणारी सहाशे मिलिमीटरची लेन्स आहे. ती असून घरट्यापाशी जायचं कशाला?

आता माझं सांगते, कारण मी या मुलापेक्षा जास्त केलेलं आहे.

२०१६ चा मे. दुष्काळाचं साल. उजनी धरणाचं पाणी इतकं उतरलं होतं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं होतं आणि भीमेच्या काठाने मैलोन्‌मैल भेगाळलेला गाळ आणि गोटे. कॅमेरा घेऊन मला वर्ष झालं होतं. तिथे कंठेरी चिखल्या भेटला. चिमणीपेक्षा जरासा मोठा, गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं, जणू सोन्याची अंगठीच. मला बघून तो पळाला नाही. उलट माझ्या समोर आला, एक पंख जमिनीवर पसरला, शेपटीचा पंखा केला आणि लंगडत, घसरत, फडफडत पुढे पुढे जायला लागला. मी दोन पावलं पुढे, तो चार पावलं पुढे. मी थांबले की तोही थांबून मागे बघायचा. वीस मिनिटं मी त्याच्यामागे गुडघ्यांवर, मग पोटावर. कोपरं भाजली. दोनशे चौदा फ्रेम काढल्या. शेवटी तो एकदम ठणठणीत उठला आणि भुर्रकन उडून गेला. मी मनाशी म्हटलं, मादीपुढे नाचत असणार.

फोटो छान आला होता. पसरलेल्या पंखाचं पीस अन् पीस दिसत होतं. त्याला मी नाव दिलं 'भीमेकाठचं नृत्य'. बैठकीत दाखवला, टाळ्या पडल्या. मोठी प्रिंट काढून पतसंस्थेच्या भिंतीवर लावली. एक खातेदार तर म्हणाला, "मॅडम, हे कॅलेंडरला द्या."

आपल्यातले एक काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गुडघ्यांमुळे आता येत नाहीत. जुन्यांना आठवत असतील. टाळ्यांत ते नव्हते. चहाच्या वेळी कप घेऊन माझ्याजवळ आले.

"फोटो किती वाजता काढलात?"

"सकाळी."

"सकाळी नाही. सावली बघा, पोटाखालीच आहे. बारा वाजत आले असतील."

मी म्हटलं, "साडेअकरा."

"अंडी दिसली का?"

"कुठली अंडी?"

"म्हणजे नाही दिसली. पायाखाली आली नाहीत एवढं बघा."

मग त्यांनी शांतपणे समजावलं. चिखल्या घरटं बांधत नाही. गोट्यांमध्ये नुसता खळगा, त्यात गोट्यांच्याच रंगाची तीन-चार अंडी. कोणी जवळ आलं की तो पंख मोडल्याचं सोंग करतो. लंगडा पक्षी बघून कोल्हं-कुत्रं त्याच्यामागे लागतं आणि अंड्यांपासून लांब जातं. त्या दिवशी त्याच्यामागे लागलेलं कुत्रं मी होते. आणि मे महिन्यात, साडेअकरा वाजता, तापलेल्या गोट्यांवर ती अंडी वीस मिनिटं उघडी. अशा उन्हात हे पक्षी अंड्यांवर बसतात ते ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. टिटवी तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार करते.

मी घरी येऊन त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. जळतात, म्हटलं. स्वतःला वर्षभरात एक धड फोटो मिळाला नाही म्हणून. तो राग उतरायला आठवडा लागला असेल. मग प्रिंट भिंतीवरून उतरवली. ती अजून घरी कपाटामागे आहे, फेकवत नाही.

पण मला सांगा, मला त्या दिवशी मिळालेल्या तीस शाबासक्यांपैकी एक तरी आज आठवते का? आठवते ती सावली. माझाच फोटो, मी दोनशे चौदा वेळा दाबलेलं बटण, आणि सावली पोटाखाली आहे हे दुसऱ्याने दाखवेपर्यंत मला दिसलं नव्हतं. त्यांनी लेन्स विचारली नाही. फोटो वाचला. माझ्या लेखी प्रतिक्रिया म्हणतात ती याला.

आमच्या पतसंस्थेत दिवसाखेर कॅश जुळली नाही तर कोणी 'वा, काय सुंदर मोजता तुम्ही' म्हणत नाही. पाचशेची एक नोट कमी असेल तर ती माझ्या पगारातून जाते. म्हणून सोबतचा शिपाईसुद्धा माझ्या गड्ड्या परत मोजतो, आणि मला त्याचा राग येत नाही. इथे आपण एकमेकांच्या गड्ड्या न मोजताच सही करतो.

तांत्रिक गोष्टींत आपण त्यामानाने बरे आहोत. गडद पाण्यातला पांढरा बगळा माझा दोन वर्षं जळत होता, पिसांच्या जागी नुसता चुना. कॅमेरा पाण्याकडे बघून उजेड ठरवतो, उणे एक कर, म्हणजे उजेड एक पायरी कमी कर, हे मला एका रिक्षावाल्या दादांनी शिकवलं, तेही कवडीपाटला मुळा-मुठेच्या फेसाळ पाण्याशेजारी नाकाला रुमाल लावून. काळ्या कोतवाल पक्ष्याचं नेमकं उलटं. काळ्यात काळा डोळा दिसायचा तर पक्षी वळून डोळ्यात उजेडाचा ठिपका येईपर्यंत थांबायचं. चिखलात आडवं पडल्याशिवाय तुतवार पक्ष्याचा फोटो तुतवाराचा होत नाही, तो आपल्या उंचीचा होतो. उडत्या पक्ष्याच्या पुढे जागा सोड, मागे नको. हे सगळं मला तुमच्याकडूनच मिळालं आणि फुकट मिळालं. नुसत्या क्लासची फी लावली तरी माझी लेन्स वसूल झाली असती.

मग घोडं अडतं कुठे? मला वाटतं, पक्ष्याविषयी बोलायला लागलं की आपल्याला वाटतं आपण माणसाविषयी बोलतोय. 'शटर कमी पडलं' म्हटलं तर चूक कॅमेऱ्याची. 'घरट्याच्या फार जवळ होतास' म्हटलं तर चूक त्याची. तिथे आपण भिडेखातर गप्प बसतो.

आणि जे गप्प बसत नाहीत ते कधीकधी असे बोलतात की गप्प बसलेले परवडले. दोन वर्षांपूर्वी एक नर्स ताई येत होत्या, नाइट ड्यूटी करून थेट. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी बाल्कनीतल्या जास्वंदीवरचा शिंजीर, फुलातला मध पिणारा चिमुकला पक्षी, दाखवला. मोबाइलने काढलेला, जरा हललेला. आपल्यातलेच एक ज्येष्ठ म्हणाले, "हे बघायला पेट्रोल जाळून आलो का आपण?" हशा झाला. ताई पुन्हा आल्या नाहीत. आता सांगते, त्या फोटोत काय होतं. शिंजीर फुलाच्या तोंडात चोच घालत नव्हता. देठाजवळ, फुलाच्या बुडाशी, बाहेरून भोक पाडून मध ओढत होता. फुलाला काही न देता चोरून नेलेला मध. हे वागणं प्रसिद्ध आहे, पण आपल्या पडद्यावर ते त्याआधीही आलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. टॅक शार्प, म्हणजे अगदी रेखीव, फोटो शेकड्याने आले. त्या हललेल्या फोटोत बघण्यासारखं होतं ते कोणी बघितलंच नाही. हसणाऱ्यांत मी नव्हते, पण उठून त्यांच्यामागे जिन्यापर्यंतही गेले नाही.

हललेल्या फोटोवरून आठवलं. सासवडच्या माळावर हिवाळ्यात मला एक भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, मिळाला होता, मादी. मी ठोकून दिलं, मॉन्टेग्यूचा भोवत्या. चार फ्रेम होत्या, तीन सुरेख, एक गचाळ. गचाळ फ्रेम मी उडवणार होते. आपल्यातल्या एका मुलीने ती ठेवायला लावली, कारण त्या एकाच फ्रेममध्ये मान वळलेली होती आणि कानामागून गळ्याकडे गेलेली फिकट कॉलर दिसत होती. पांढुरका भोवत्या! या दोघांच्या माद्या भल्याभल्यांना चकवतात. सुरेख तिन्ही फोटोंवरून मी चुकीचं नाव लिहिलं असतं आणि ते चुकीचं नाव पुढे कोणाच्या तरी नोंदीत गेलं असतं. त्या मुलीने मला 'चुकलीस' असं म्हटलंच नाही. "काकू, कॉलर बघा ना," एवढंच म्हणाली.

चुकीची नोंद किती वर्षं जगते याचं एक उदाहरण तर आपल्या खानदेशातलंच आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीलायक मिळालं नव्हतं. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहात मात्र त्याचा एक जतन केलेला नमुना होता, १९१४ सालचा, गुजरातेतला, असं चिठ्ठीवर लिहिलेला. शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबून तिथे हिंडत राहिले. पुढे अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिलं की नमुना चोरलेला होता, जुनाच पक्षी नव्या खोट्या चिठ्ठीखाली ठेवला होता. ती चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या जुन्या नोंदींच्या जागी शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला, ११३ वर्षांनी. एका चिठ्ठीने किती पायपीट वाया घालवली बघा. म्हणून आपल्यातले काही जण 'जागा गुप्त राहावी' म्हणून फोटोखाली मुद्दाम भलतंच गाव लिहितात, ते मला पटत नाही. जागा सांगायची नसेल तर सांगू नका. नुसता जिल्हा लिहा. पण खोटं लिहू नका. कुठलं ठिकाण सांगायचं नाही याबद्दल मात्र मी पक्की आहे. स्वर्गीय नर्तकाची जागा एकाने दोघांना सांगितली होती, आठवड्यात तिथे सहा-सहा जणांची रांग लागली.

भिगवणला पक्षी दाखवणाऱ्या होड्यांचंही बोलायला हवं. कुंभारगावचे नावाडी दादा आपल्याला नावाने ओळखतात. ते चांगले आहेत, त्यांना कुठला पक्षी किती जवळ येऊ देतो हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा चरत असताना 'दादा, जरा उडवा ना' म्हणणारे आपणच असतो. उडालेले गुलाबी पंख फोटोत छान येतात. ते परत उतरून चिखलात चोच घालेपर्यंत किती वेळ जातो तेही एकदा घड्याळ लावून बघा. मी मोजलंय, पण आकडा इथे देत नाही, तुम्हीच मोजा. नावाड्याला नाही म्हणणं अवघड जातं, कारण त्याचं पोट त्यावर आहे. आपलं पोट फोटोवर नाही. तसंच नवरंग पक्ष्याला मोबाइलवर शीळ ऐकवून बाहेर काढण्याचं. पावसाच्या तोंडावर आलेला तो पक्षी स्वतःची हद्द राखत असतो. आपल्या मोबाइलमधला नवरंग त्याला खरा वैरी वाटतो, म्हणून तो समोर येतो. फोटोत त्याची छाती ताठ दिसते, आपण लिहितो 'काय रुबाब'.

एका बाबतीत माझं अजून ठरलेलं नाही, तेही मांडते. कवडीपाटला शेकाट्या या पाणपक्ष्याच्या लांबसडक लाल पायांशी निळी पिशवी अडकलेली होती. फोटो दाखवला तर तिघे म्हणाले, पिशवी खोडून टाक, दोन मिनिटांचं काम आहे. एक जण म्हणाला, खोडलीस तर तो निसर्गाचा फोटो राहत नाही. नियम बघितले तर त्याचंच बरोबर. फियाप, पीएसए, आरपीएस या छायाचित्रणाच्या मोठ्या संस्थांनी निसर्ग-छायाचित्राची जी समान व्याख्या केली आहे, तिच्यात कडेने कापायला मुभा आहे, पण फोटोच्या आतली वस्तू पुसायला किंवा नवी घालायला नाही. म्हणून मी पिशवी ठेवली. पण भिंतीवर लावायला तो फोटो घरच्यांना नको आहे. मुलगी म्हणते, "आई, सकाळी सकाळी कचरा कशाला बघायचा?" तिला तरी काय सांगू, मुळा-मुठेच्या काठाला सकाळी सकाळी तेच असतं. शेकाट्या त्यातच उभा राहून त्यातच चरतो.

आता नोव्हेंबरात पक्षी सप्ताह येतोय. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ तारखेला, सालिम अलींचा १२ ला, त्या दोन दिवसांमधला आठवडा. आपण दरवर्षीप्रमाणे प्रदर्शन भरवणार. शाळेची मुलं येणार, त्यातली दोन-चार घरी जाऊन बापाकडे कॅमेरा मागणार. माझी एवढीच मागणी आहे की या वेळी फोटोखाली लेन्स आणि शटर लिहिण्याऐवजी, किंवा लिहायचंच असेल तर त्याच्याबरोबर, दोन ओळी लिहू या. पक्षी काय करत होता. आपण किती लांब होतो. आवाज ऐकवला होता का, खायला टाकलं होतं का. घरट्यावरचा फोटो असेल तर तो लावायचाच नाही, मग तो कितीही वर्षांपूर्वीचा असो आणि कोणाचाही असो. निवड समितीत मीही आहे, त्यामुळे या भांडणाची सुरुवात माझ्यापासूनच होईल.

आणि तिसऱ्या रविवारच्या बैठकीत पहिली वीस मिनिटं फसलेल्या फोटोंना द्या. हललेले, जळलेले, नाव न कळलेले, आणि जे काढताना आपलं चुकलं असं आता वाटतं ते. ज्येष्ठांनी आधी दाखवायचे. नव्याला आधी उभं केलं तर तो पुन्हा येणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. बोलताना 'हा फोटो बेकार' एवढ्यावर थांबू नका. पुढच्या वेळी काय करायचं तेही सांगा. ते सुचत नसेल तर फोटोत काय दिसतं एवढंच सांगा. काकांनी मला सावली दाखवली तशी.

त्या नर्स ताईंचा नंबर कोणाकडे असेल तर मला द्या. त्यांना मी स्वतः बोलावणार आहे. शिंजीर पुन्हा मोठ्या पडद्यावर बघायचाय.

तो मुलगा सप्टेंबरमध्ये येतोय. नर्तकाचा फोटो परत आणणार आहे, न कापता, डाव्या कोपऱ्यासकट. मी माझी चिखल्याची प्रिंट कपाटामागून काढून पुसून ठेवली आहे. तिच्या पाठीवर माझ्याच अक्षरात 'भीमेकाठचं नृत्य, मे २०१६' असं अजून आहे, खोडलेलं नाही. रविवारी संध्याकाळी बरोबर सहाला प्रोजेक्टर लावू. मागच्या वेळी वायर कोणीतरी घरी नेली होती, ती आठवणीने आणा. चहा माझ्याकडून. बिनसाखरेचा ज्यांना लागतो त्यांनी शनिवारपर्यंत कळवा.

आपली,
हडपसरची कॅशियर ताई